कंबर, डोळे आणि योगाचा क्लास

फिजिओथेरपीच्या दहा सिटिंग संपल्या त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी फाइलवर शेवटची ओळ लिहिली, "योगा चालू करा." रिक्षात बसल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली. कुठला, कुणाकडे, आठवड्यातून किती वेळा, काहीच लिहिलेलं नव्हतं. गोळी लिहून देताना डॉक्टर सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, सगळं लिहितात. इथे मात्र पुढचं माझं मलाच शोधायचं होतं, आणि त्यात माझे चार महिने गेले.

मी पुण्यात कोथरूडला राहते. मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते, वय ४९. दिवसातले सहा तास उभ्यानं जातात, फळ्याच्या वरच्या कडेला लिहायचं तर टाचा उचलाव्या लागतात, आणि घरी आल्यावर पलंगावर वाकून वह्या तपासायच्या. एक्स-रेत कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यातली जागा कमी झालेली दिसली होती. शिवाय बीपीची गोळी तीन वर्षं चालू. घरी नवरा, मुलगी आणि माझी आई. आई गेली सहा वर्षं आमच्याकडेच असते.

पहिला क्लास शोधावाच लागला नाही. शेजारच्या काकू रोज पहाटे जवळच्या बागेत जातात. त्यांना कळलं तशा दारात आल्या. "अगं, एवढा विचार काय करायचा? पैसे नाहीत, काही नाहीत. उद्या साडेपाचला खाली ये."

बागेतलं ते वातावरण मला फार आवडलं, हे आधी सांगते. जूनचे दिवस, गवत ओलं, साठ-सत्तर माणसं आपापल्या सतरंज्या घेऊन आलेली. कुणाचा वाढदिवस असला की शेवटी पेढे. शिकवणारे काका निवृत्त होते आणि कित्येक वर्षं एक पैसा न घेता रोज यायचे. असं करायला मोठं मन लागतं. ते चौथऱ्यावर बसून माइकवर सांगायचे आणि स्वतःही करायचे. अडचण तिथेच होती. कपालभाती करताना त्यांचे डोळे मिटलेले, पुढे वाकताना डोकं खाली. मी पाचव्या रांगेत काय करते आहे ते त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कपालभाती आणि लगेच भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) झाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर काळोखी आली. मी हात टेकून बसून राहिले. काकू म्हणाल्या, "होतं सुरुवातीला. शरीरातली घाण बाहेर पडते." घरी येऊन बीपी मोजलं तर १६०/१००. दुसऱ्या दिवशी गेले नाही.

पुढे वाचताना कळलं की हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. ती षट्कर्मांत येते. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा शुद्धिक्रिया. भस्त्रिकेची गणती तिथे कुंभकांच्या (श्वास रोखण्याच्या) आठ प्रकारांत होते, म्हणजे तीही पहिल्या आठवड्यात, उघड्यावर, माइकवरच्या आकड्यांबरोबर करायची गोष्ट नाही. बीपी असणाऱ्यानं जोरात श्वास आपटायचा नाही आणि श्वास रोखून धरायचा नाही, हे आता मला माहीत आहे. तेव्हा ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

काकू अजून तिथे जातात. ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे ठणठणीत, साखर नाही, बीपी नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि तेव्हापासून पहाटेची ती मंडळी हाच त्यांचा मोठा आधार आहे. त्यांच्यासाठी तो क्लास अगदी योग्य आहे, आणि त्यांनी तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरा क्लास वहिनीनं सुचवला. तिसऱ्या मजल्यावर स्टुडिओ, लाकडी फरशी, समोरची पूर्ण भिंत आरशाची, मंद संगीत. पहिला क्लास मोफत. काउंटरवर टॅबवर एक फॉर्म भरायला दिला. नाव, फोन, आणि मग "तुमचं ध्येय काय?" पर्याय होते वजन कमी करणे, लवचिकता, तणावमुक्ती, ताकद. कंबर दुखते हे लिहायला जागाच नव्हती. मी तोंडानं सांगितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हो हो मॅडम, योगाने बॅकपेन जातंच."

शिकवणारी मुलगी चोविशीतली. अंग विलक्षण लवचीक आणि उत्साह खरा. सूर्यनमस्कार सुरू झाले ते थांबेचनात. एका श्वासाला एक हालचाल, उडी मारून पाय मागे, हातांवर भार, पुन्हा उडी मारून पुढे. माझी मनगटं आठव्या नमस्काराला भरून आली. ते निभावलं असतं. शेवटी पश्चिमोत्तानासन आलं, पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं. मी जेमतेम पोटऱ्यांपर्यंत पोचले होते. ती मागून आली, दोन्ही तळहात माझ्या पाठीवर ठेवले, "रिलॅक्स करा, श्वास सोडा" म्हणाली आणि हळूहळू दाबत गेली. तिच्या हातात जोर नव्हता, हेतूही चांगला होता. पण कमरेतून डाव्या मांडीच्या मागे, पोटरीपर्यंत विजेसारखी कळ गेली. पुढचे दोन दिवस मला रजा टाकावी लागली. खाली बसून चप्पल घालता येईना, मुलीनं घातली.

मणक्यांमधल्या चकतीवर आधीच दाब असलेल्या माणसाला पाय सरळ ठेवून, पाठीचा बाक काढून पुढे दाबणं हे अगदी करू नये असं काम आहे. पाठ अशी गोल झाली की मणके पुढच्या बाजूनं जवळ येतात आणि मधली चकती मागे, नसांच्या दिशेनं ढकलली जाते. हे मला नंतर फिजिओथेरपिस्टनं प्लास्टिकचा मणका हातात घेऊन दाखवलं. त्या संध्याकाळी मात्र क्लास संपल्यावर काउंटरवर मला सांगितलं होतं की वर्षाचे अठरा हजार आहेत, आज भरले तर चौदा. मी विचार करून सांगते म्हटलं.

जुलै असाच गेला. कुठे जायची हिंमत होईना. त्या दिवसांत मी चौकशी केली आणि पुष्कळ वाचलं. भाऊ ठाण्याला असतो, तो अंबिका योग कुटीरच्या वर्गाला जायचा. तिथे आठवड्यातून एकदा वर्ग आणि फी नाही. तो म्हणाला, आम्हाला सगळं सावकाश शिकवलं, घाई म्हणून नाही. शाळेतली एक सहकारी सुट्टीत लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये राहून आली होती. स्वामी कुवलयानंदांनी ही संस्था १९२४ मध्ये काढली, आणि आसनं करताना शरीरात नेमकं काय होतं याचं प्रयोगशाळेत मोजमाप करायला तिथे तेव्हाच सुरुवात झाली. तिनं सांगितलं की तिथे आसनात जाताना धसमुसळेपणा अजिबात चालत नाही. जेवढं सुखानं होईल तेवढंच, आणि दोन आसनांच्या मध्ये विश्रांती.

वाचताना एक गोष्ट कळली आणि माझा बराच गोंधळ गेला. स्टुडिओत चाललेली ती श्वासाबरोबरची उड्यांची पद्धत म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या परंपरेशी नातं सांगते. आणि पुण्यातली अय्यंगार पद्धत, जिच्यात एकेका आसनात बराच वेळ थांबतात आणि विटा, पट्टे, खुर्च्या वापरतात, ती बी. के. एस. अय्यंगारांची. दोघेही टी. कृष्णमाचार्यांचे शिष्य. एकाच गुरूकडून निघालेल्या दोन वाटा इतक्या वेगळ्या! म्हणजे "योगा चालू करा" या ओळीत दोन्ही बसत होत्या, आणि माझ्या कमरेला त्यातली एक सोसणार नव्हती.

अय्यंगारांचं चरित्र पुण्यात राहूनही मला माहीत नव्हतं. १९१८ चा जन्म, लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं एकामागून एक दुखणं, इतकं अशक्त शरीर की त्यातून उठण्यासाठीच योगाकडे वळले. १९३७ मध्ये गुरूंनी पुण्याला शिकवायला पाठवलं आणि ते इथलेच झाले. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत पत्नीच्या नावानं रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली. मी त्या रस्त्यानं किती वेळा गेले असेन! ज्याचं स्वतःचं शरीर एके काळी ऐकत नव्हतं, त्याला दुसऱ्याचं न ऐकणारं शरीर समजत असणार, असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे ऑनलाइन क्लासही करून पाहिला. पहाटे साडेपाच, पडद्यावर चाळीस चौकोन, त्यातले निम्म्याहून अधिक काळे. शिकवणं वाईट नव्हतं. ज्याला आसनं आधीपासून येतात आणि फक्त शिस्त हवी आहे त्याला ते चालेल. मला काहीच येत नव्हतं.

मग एका रविवारी वह्या तपासता तपासता मला माझं बी.एड. आठवलं. आम्हाला पाठ निरीक्षणाची वही असायची. दुसऱ्याचा तास चालू असताना मागच्या बाकावर बसायचं आणि लिहायचं. शिक्षक फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलतो? मागच्या रांगेतल्या मुलाकडे किती वेळा जातो? चुकलेल्या मुलाला काय म्हणतो? सत्तावीस वर्षं शिकवते आहे, पहिल्या पाच मिनिटांत मला कळतं की तास चांगला आहे की नाही. मग योगाच्या क्लासला मी हेच का लावून बघितलं नाही?

बागेतला आणि स्टुडिओतला क्लास मी अंगानं करून बघितला होता आणि दोन्ही वेळा आजारी पडले होते. आता आधी डोळ्यांनी बघायचं ठरवलं. पाच ठिकाणी फोन केले आणि सगळ्यांना एकच विचारलं, "मी एक तास कोपऱ्यात बसून बघू शकते का? काही करणार नाही." दोघांनी सांगितलं, बघून काय कळणार, करूनच बघा. एका ठिकाणी म्हणाले, डेमोचे दोनशे रुपये होतील. एकानं फोन उचलला नाही. पाचव्या फोनवर शांत आवाजात उत्तर आलं, "या ना. मंगळवारी साडेसहाला या. आणि येताना तुमची फाइल आणा."

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत जुना बंगला, त्याच्या गच्चीवर पत्रे टाकून केलेला हॉल. एका भिंतीला कड्या आणि त्यांतून लोंबणारे पांढरे दोर. कोपऱ्यात लाकडी विटांची चळत, निळ्या सतरंज्यांच्या एकसारख्या घड्या, खिळ्याला टांगलेले पट्टे, आणि पाठीचा पत्रा काढलेल्या घडीच्या खुर्च्या. शिकवणाऱ्या ताई साठीच्या. स्वतः अय्यंगारांच्या संस्थेत कितीतरी वर्षं शिकलेल्या. वर्गात चौदा माणसं.

मी खरंच वही नेली होती. ताईंनी त्रिकोणासन आधी स्वतः करून दाखवलं, एकदा समोरून, एकदा पाठमोरं. मग उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही करा, मी बघते." आणि पुढचा तासभर त्यांनी एकही आसन स्वतः केलं नाही. त्या फिरत होत्या. एका गृहस्थांचा हात जमिनीपर्यंत पोचत नव्हता, ते खांदा पुढे टाकून ओढत होते. ताईंनी एक वीट उभी करून हाताखाली सरकवली. त्याबरोबर त्यांची छाती उघडली आणि चेहऱ्यावरचा ताण गेला. एक गरोदर मुलगी भिंतीला पाठ लावून करत होती. सतरा वर्षांचा एक मुलगा भराभर पुढे जाऊ बघत होता, त्याला म्हणाल्या, "तू थांब. टाच उचलली गेलीये, ती आधी खाली आण." सर्वांगासनाच्या वेळी चौदातल्या चौघांना वेगळं काही दिलं, आणि चौघांना चार वेगळ्या गोष्टी. कुणाला काय होतंय हे त्यांना तोंडपाठ होतं.

मी वहीत मोजलं होतं. तासाभरात प्रत्येकाकडे त्या किमान तीनदा गेल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला दोन पानी फॉर्म दिला. मी तिथेच गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. ऑपरेशन झालं आहे का, कधी, कशाचं. बीपी, साखर, थायरॉइड. चक्कर येते का. मान, कंबर, गुडघे. पाळी नियमित आहे का, त्रास होतो का. हर्निया. कानात आवाज येतो का. डोळ्यांचा नंबर, पडद्याचा काही त्रास, काचबिंदू, स्वतःला किंवा घरात कुणाला. तिथे मी लिहिलं, "आईला."

ताईंनी फाइल बघितली, एक्स-रे खिडकीशी धरून बघितला, फॉर्म वाचला. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमचं प्रेशर कधी मोजलंय?"

"मोजते ना, गोळी चालू आहे."

"बीपी नाही हो. डोळ्यांचं."

मी कधीच मोजलं नव्हतं. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात नंबर काढत होते, तेवढंच.

"आधी ते करून या," त्या म्हणाल्या. "पैसे आत्ता देऊ नका. डॉक्टर काय म्हणतात ते लिहून आणा, मग आपण ठरवू."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन तास गेले. डोळ्यांतलं प्रेशर साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं. माझं उजव्या डोळ्यात २३, डाव्यात २४. मग मागच्या नसेचा फोटो झाला, आणि डब्यात डोकं घालून दिवा दिसला की बटण दाबायची ती परीक्षा झाली. कडेची नजर शाबूत निघाली. डॉक्टरांनी समजावलं की आज काचबिंदू नाही, पण आईला आहे म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून दर सहा महिन्यांनी यायचंच. मी योगाचं विचारलं. ते म्हणाले, "जरूर करा. फक्त डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नको. त्या स्थितीत डोळ्यांतलं प्रेशर वाढतं." आणि तेवढं चिठ्ठीवर लिहून दिलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आईचा काचबिंदू सापडला तेव्हा ती ६१ वर्षांची होती आणि उजव्या डोळ्याची कडेची नजर तोपर्यंत गेलेली होती. त्याआधी वर्षभर ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायची, उजव्या हाताजवळचं भांडं लवंडायची, आणि आम्ही म्हणायचो, आई, लक्ष कुठे आहे तुझं. असा काचबिंदू बहुधा दुखत नाही, समोरचं दिसणं बराच काळ नीट राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते. रोज रात्री नऊ वाजता तिच्या डोळ्यांत थेंब मी घालते. रोज! आणि मला स्वतःचे डोळे तपासावेत असं एकदाही सुचलं नव्हतं.

आई ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला विचारलं कुणीतरी, बरं झालं. मला कुणी विचारलंच नव्हतं गं."

मी ऑक्टोबरात क्लास लावला.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं थोडी सोपी आसनं असतील. पंचवीस मिनिटं नुसतं ताडासन झालं. नुसतं उभं राहणं! त्याआधी ताईंनी मला दाराबाहेर काढलेल्या माझ्या चपला आणायला सांगितल्या आणि उलट्या करून दाखवल्या. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूनं तिरकी झिजली होती, उजवी सरळ. "तुम्ही डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उभ्या राहता. मग कंबर ते सावरत बसते." सत्तावीस वर्षं मी वर्गात उभी आहे आणि कशी उभी आहे ते मला माहीत नव्हतं.

मग एकेक गोष्ट. पायाची सगळी बोटं उचला, लांब करा, पुन्हा ठेवा. अंगठ्याच्या खालचा उंचवटा जमिनीत दाबा. टाचेच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर वजन सारखं घ्या. गुडघ्याची वाटी वर ओढा, पण गुडघा मागे ढकलू नका. मला वाटी वर ओढणं जमेना. त्यांनी खाली बसून दोन बोटं वाटीच्या खालच्या कडेला लावली आणि म्हणाल्या, "इथून, माझ्या बोटांपासून लांब न्या." आणि मांडीचा पुढचा स्नायू आपोआप आवळला गेला. कमरेत काहीतरी हललं, दुखरं नाही, मोकळं. असं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पुढे वाकायचं आलं तेव्हा इतरांचे हात जमिनीवर गेले, मला त्यांनी खिडकीशी नेलं. हात कठड्यावर, पाय मागे, पाठ टेबलासारखी सपाट, डोकं हातांच्या रेषेत, खाली नाही. "पाठ गोल होतेय असं वाटलं की तिथेच थांबा. कठडा कमी पडला तर कपाटाची वरची फळी धरू." डोकं खाली जाणाऱ्या अधोमुख श्वानासनाऐवजी आजही मी हेच करते. सर्वांगासनाच्या वेळी मला सतरंजीवर आडवं करून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला देतात. पोटऱ्या वर, कंबर जमिनीला पूर्ण टेकलेली, डोळ्यांवर हलका कपडा. खुर्चीवर बसून पीळ देण्याचं भारद्वाजासन तर मी शाळेत मधल्या सुट्टीतही करते.

मी प्राणायामाचं विचारलं तर म्हणाल्या, अजून नाही. आधी बसता आलं पाहिजे, आडवं पडून श्वास नुसता बघता आला पाहिजे. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे, स्थिर, सुख आणि आसन. ताई ते वर्गात एकदाच म्हणाल्या, पण माझ्या डोक्यात बसलं. बागेत मी स्थिर नव्हते, स्टुडिओत सुख नव्हतं.

क्लास आठवड्यातून एकदाच असतो, महिन्याचे नऊशे रुपये. एवढ्यानं काय होणार, असं मला वाटलं होतं. ताई म्हणाल्या, "उरलेले सहा दिवस तुमचे." त्या वहीत लिहून देतात आणि मी पहाटे चहाच्याही आधी वीस-पंचवीस मिनिटं करते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, नवऱ्याचा जुना पट्टा आणि जुन्या दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या एकत्र बांधून केलेली वीट, एवढ्यावर भागतं.

कुणी विचारतं की प्रमाणपत्र बघावं का. बघावं. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, जुन्या संस्थांचे स्वतःचे अभ्यासक्रम आहेत. योगशिक्षकाचा दोनशे तासांचा कोर्स एका महिन्यातही पुरा होतो, तेव्हा तो कधी केला आणि त्यानंतर किती वर्षं शिकवलं, हेही विचारावं. पण स्टुडिओतल्या त्या मुलीकडे भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं. मी आता कुणी विचारलं तर सांगते, आधी एक तास बसून बघायची परवानगी माग, आणि शिकवणारा तुझ्या दुखण्याबद्दल काय काय विचारतो ते मोज. मग बाग असो, स्टुडिओ असो की गच्ची. वहिनीचं म्हणाल तर ती त्याच स्टुडिओत खुश आहे. पस्तिशीची आहे, पूर्वी कबड्डी खेळायची, तिला ती गती हवी असते.

आता नऊ महिने होत आले. कंबर अजून दुखते, परीक्षेचे पेपर तपासण्याच्या आठवड्यात तर दुखतेच. पण वेदनाशामक गोळी दिवाळीनंतर घ्यावी लागलेली नाही, आणि शेवटच्या तासाला मी टेबलाचा आधार न घेता उभी असते. बीपीची गोळी तशीच चालू आहे, ती बंद करायचा विषयच नाही. एप्रिलमध्ये डोळे पुन्हा तपासले. दोन्हीकडे २२. डॉक्टर म्हणाले थेंबांची घाई नाही, आणि हेही म्हणाले की एवढ्या फरकाचं श्रेय योगाला देऊ नका, दिवसभरात प्रेशर तेवढं खालीवर होतच असतं. त्यांनी हे स्पष्ट सांगितलं ते मला आवडलं.

२१ जूनला शाळेच्या मैदानावर योगदिन झाला. पादहस्तासन आलं तेव्हा मी रांगेतून बाजूला होऊन व्हरांड्याच्या कठड्याला हात लावून पाठ सपाट केली. नववीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझी पण कंबर दुखते, मी असं करू?" तिला म्हटलं, ये. आणि संध्याकाळी तिच्या आईला फोन केला.

थोरली बहीण सांगलीला असते. ती गेल्या महिन्यात फोनवर उत्साहानं सांगत होती की तिनंही क्लास लावला आहे, आणि आता दोन महिन्यांत शीर्षासन शिकवणार आहेत. मी विचारलं, "आईचं त्यांना सांगितलंस?"

"आईचं काय सांगायचं? क्लास तर मी करते आहे."

मग मी तिला सगळं सांगितलं, दोन पानी फॉर्मपासून २३ आणि २४ पर्यंत. ती ५४ वर्षांची आहे आणि तिनंही कधी मोजलेलं नाही. परवा तिचा फोन आला, सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात, नंतर तीन-चार तास धूसर दिसतं, तेव्हा एकटी जाऊ नको, भावजींना बरोबर ने आणि काळा चष्मा ठेव, एवढं तिला सांगून ठेवलं आहे.